सुट्टीतले घरगुती प्रयोग: तीस नकोत, चार-पाच पुरतील

ताई, तुमची मुलगी आठ वर्षांची, मुलगा चारचा. सुट्टीभर रोज एक याप्रमाणे, विकतचं किट न आणता, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून करता येतील अशा तीसेक प्रयोगांची यादी तुम्हाला हवी आहे. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी करून झाला, लेकीने टाळ्या वाजवल्या आणि पाच मिनिटांत ‘आता दुसरं काय?’ म्हणून मागे लागली, असंही तुम्ही लिहिलंय. आणि शेवटी, ‘मला स्वतःला सायन्स फारसं येत नाही.’

रोज एक हा हिशेब आधी सोडून द्या. इथे इंदूरला मी बरीच वर्षं रामबागेच्या आसपासच्या मुलांना जमवून रविवारी हे उद्योग करते. शेवटी काय होणार हे आधीच ठरलेलं असलं की मुलं तो प्रयोग एकदा बघतात. काहीतरी बदलून बघायची सोय असली की तोच प्रयोग आठवडाभर पुरतो. ज्वालामुखी फसफसला, संपला. त्यात तुमच्या लेकीने करण्यासारखं पुढे काही नव्हतंच, मग ती दुसरं मागणारच.

तोच ज्वालामुखी पुन्हा काढा, पण मातीचा डोंगर आणि लाल रंग वगळून. पाण्याची छोटी बाटली, फुगा, व्हिनेगर आणि खायचा सोडा घ्या. बाटलीत ५० मिली व्हिनेगर घाला, मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं माप चालतं. कागदाच्या नरसाळ्याने फुग्यात पाव चमचा सोडा घालून फुगा बाटलीच्या तोंडावर चढवा आणि मग उभा धरून सोडा आत झटका. फुग्याचा घेर दोऱ्याने मोजायचा आणि तेवढा दोरा कापून वहीत चिकटवायचा. दर वेळी ताजं व्हिनेगर घेऊन हेच अर्ध्या, एक आणि दोन चमचे सोड्यावर करायचं. प्रत्येक वेळी आधी विचारा, ‘आता केवढा होईल?’ सोडा दुप्पट म्हणजे फुगा दुप्पट, असं जवळजवळ सगळीच मुलं सांगतात. पण बाजारातलं साधं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं, आणि तेवढ्या आम्लाला चहाचा अर्धा-पाऊण चमचा सोडा पुरतो. त्यापुढे कितीही घाला, आम्लच संपलेलं असतं, म्हणून फुगा वाढत नाही. वहीतले दोरे सारखेच यायला लागले की ‘व्हिनेगर वाढवून बघू का?’ हे ती तुम्हाला विचारेल. विचारलं नाही तर दोन दिवस थांबा, तुम्ही सुचवू नका. एक मात्र पाळा: या बाटलीला झाकण कधीही लावायचं नाही. वायू कोंडला की बाटली फुटते.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र तीन भोकांच्या बाटलीचा आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. एक लिटरची सरळ बाटली घ्या. वरचं तोंड कापलंत तर पाणी ओतायला सोपं जातं. दाभण तापवून तीन भोकं पाडा, हे काम मोठ्यांचं. एक तळापासून तीन बोटांवर, एक बरोबर मध्यावर आणि एक पाण्याच्या पातळीखाली तीन बोटांवर. भोकं एकाखाली एक न पाडता किंचित बाजूबाजूला पाडा, नाहीतर धारा एकमेकींवर पडतात. तिन्ही भोकांवर एकच टेप लावा, बाटली भरा, गच्चीच्या फरशीवर ठेवा आणि टेप एकदम ओढा. पातळी तीच राहावी म्हणून एकाने वरून पाणी ओतत राहायचं. हे काम चार वर्षांचा आनंदाने करेल.

कुठली धार सगळ्यात लांब जाईल? पुस्तकातल्या चित्रात बहुतेक वेळा सगळ्यात खालची जाते. तुमच्या फरशीवर मधली जिंकेल. आणि वरची व खालची धार, भोकं नीट मापात असली तर, जवळजवळ एकाच जागी पडतील. मुलांना हे पटत नाही, ती पुन्हा भरतात, पुन्हा टेप ओढतात. मग बाटली उंच स्टुलावर ठेवायला सांगा. स्टूल पाण्याच्या उंचीपेक्षा उंच हवं. आता मात्र खालची धार सगळ्यांच्या पुढे जाते. खालच्या भोकावर वरच्या सगळ्या पाण्याचा भार असतो, म्हणून धार जोरात निघते. पण बाटली फरशीवर असली की जमीन लगेच लागते, पुढे जायला वेळच मिळत नाही. वरच्या धारेला वेळ भरपूर असतो, पण जोर नसतो. मधलीला दोन्ही बेताचे मिळतात. स्टुलावर वेळ तिघींनाही मिळतो, मग जिचा जोर जास्त तिची सरशी.

पुस्तकातलं चित्र केव्हा बरोबर आणि केव्हा नाही, हे आठ वर्षांच्या पोरीने आपल्या हाताने ठरवलं, याचं मोल मला फार वाटतं. दुसरी एखादी बाटली अख्खी ठेवून तिला खाली एकच भोक पाडा आणि झाकण घट्ट लावा. धार थोडी गळून थांबते, झाकण सैल केलं की पुन्हा सुरू होते. यावर तर मुलं तासभर खेळतात. पाणी परातीत धरा आणि झाडांना घाला. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर, घाट चढवत पंपांनी येतं. ‘ते वर कसं चढत असेल?’ हा प्रश्न याच वेळी विचारावा.

हळदीचा प्रयोग बहुतेकांना माहीत असतो, पण तोही अर्धाच केला जातो. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. साबणाच्या पाण्याने पट्टी लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. घरचं कुंकू हळदीचंच करत, ते लाल कसं होई, हे आजीला विचारायला लावा. पुढची गंमत अशी की लिंबाचा रस आणि साधं पाणी यांत हळदीची पट्टी फरक दाखवत नाही, दोन्हींत पिवळीच राहते. मग आम्ल ओळखायला काय वापरायचं? जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. त्या पाण्यात लिंबू पिळलं की ते लालसर गुलाबी होतं, सोडा घातला की हिरवट. घरातलं ताक, चिंचेचं पाणी, बोअरिंगचं पाणी, शाम्पू सगळं तपासून होतं. मुलांच्या हाती खायचा चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. साबणाच्या पाण्याने काम भागतं.

सावलीचा प्रयोग इंदूरकरांनी करायलाच हवा, कारण आपली जागा त्यासाठी खास आहे. गच्चीवर एक सरळ काठी उभी करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि काठी ताठ आहे ना ते तपासा. अकरापासून दीडपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही, आपल्याकडे साडेबाराच्या आसपास पडते, कारण घड्याळ अख्ख्या देशाचं एक आणि ते ज्या रेखावृत्तावरून लावलंय त्याच्या आपण बरेच पश्चिमेला. वर्षातले बहुतेक दिवस ही आखूड सावली बरोबर उत्तर दाखवते. पण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही थोडं पलीकडून जातं. त्यामुळे ७ जूनच्या सुमारास एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली पायातच गडप होते. नंतर महिनाभर दुपारची सावली दक्षिणेला पडते. अगदी थोडी, २१ जूनला मीटरभर काठीची जेमतेम सव्वा सेंटीमीटर. ६ जुलैच्या सुमारास ती पुन्हा नाहीशी होते, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत. ग्वाल्हेरला किंवा दिल्लीला राहणाऱ्या मामा-मावशीच्या मुलांना हे घरी कधीच दिसणार नाही, हे सांगा, मुलांना त्याचा भारी अभिमान वाटतो. जमलं तर नंतर एक दिवस उज्जैनच्या जंतरमंतरला जा. तिथल्या शंकूयंत्राची आणि तुमच्या गच्चीतल्या काठीची तत्त्वं एकच आहेत. काठीशी आठवडाभर काम केलेली मुलं तिथे गाईडच्या पुढे बोलतात.

काळ्या मातीचं थोडक्यात. चपलेच्या खोक्याच्या झाकणात प्लॅस्टिक अंथरा, त्यात शेतातली काळी माती चिखल करून थापा, शेजारी दुसऱ्या झाकणात मुरमाड किंवा वाळू मिसळलेली माती. दोन्हींवर दहा सेंटीमीटरची रेघ ओढून माती सुकू द्या आणि मग रेघ पुन्हा मोजा. माळव्यात नव्या घरांच्या भिंतींना तडे का जातात, हे त्या झाकणात दिसतं.

‘टाकाऊतून टिकाऊ’बद्दल मात्र माझं मत कडक आहे. बाटलीला चमकी, थर्माकोलचे मणी आणि ग्लू-गनने लेस लावून केलेली शोभेची वस्तू महिनाभर टीव्हीशेजारी बसते आणि मग बाहेर जाते. आपल्या गावात कचरागाडीला सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यावा लागतो: ओला, सुका, प्लॅस्टिक, ई-कचरा, घरगुती घातक आणि सॅनिटरी. ती सजवलेली बाटली यातल्या कुठल्या डब्यात टाकणार? प्लॅस्टिकला कापड, डिंक आणि चमकी कायमची चिकटली की कबाडीही ती हातात घेत नाही. कोरी होती तेव्हा तिला भाव तरी होता.

म्हणून आमच्याकडे मुलांनी केलेली वस्तू काहीतरी काम करणारी लागते. फिरली पाहिजे, वाजली पाहिजे, तरंगली पाहिजे, नाहीतर काही मोजता आलं पाहिजे. आणि जोडणी दोरा, रबर, घडी किंवा खाच यांची, म्हणजे सुटी करून तिचं दुसरं काही करता येतं. याचा सुंदर नमुना आपल्याच मध्य प्रदेशातला आहे. तेव्हाच्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये सरकारी शाळांतून विज्ञान करून शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. १९७८ मध्ये अरविंद गुप्ता हे तरुण इंजिनिअर पुण्याच्या नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन तिथे आले आणि त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायला सुरुवात केली. पुढे २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्हीही करा. काड्यांचं गूल आधी खरवडून टाका. व्हॉल्व्ह-ट्यूब सायकल दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत अजून मिळते. नाहीच मिळाली तर रद्दी पेपर विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळून कांड्या करा, टोकं चेपून भोकं पाडा आणि दोऱ्याने बांधा. आधी त्रिकोण आणि चौकोन हातात द्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. काड्यांचा घन कोसळतो, सहा काड्यांचा त्रिकोणी पिरॅमिड ताठ उभा राहतो. मग रस्त्याने जाताना पत्र्याच्या छपराची कैची, मोबाईलचा टॉवर आणि सायकलचा सांगाडा मुलं आपणहून दाखवतात. घरी चढाओढ लावा: दोन पेपरांत सगळ्यात उंच मनोरा कोणाचा, आणि त्यावर वही राहते का?

धाकट्याला यातलं ओतणं, ढवळणं आणि टेप ओढणं ही कामं द्या. त्याच्यासाठी वेगळं हवं असेल तर पोळी गुंडाळायच्या फॉइलचा चौकोनी तुकडा. त्याची होडी केली तर नाणी पेलते. तोच तुकडा चुरगाळून बत्त्याने चांगला ठेचला की बुडतो. हे तो दिवसभर करत बसेल.

चार वर्षांचं मूल घरात आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. जुनी खेळणी, रिमोट किंवा गाणारी ग्रीटिंग कार्डं मोडताना आतले बटण-सेल लगेच काढून उंचावर ठेवा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. छोटी जोरदार चुंबकंही त्याच्यापासून लांबच ठेवा. भिंतीतल्या विजेचा कुठलाही प्रयोग करायचा नाही आणि प्लॅस्टिक जाळायचं नाही.

राहिलं तुमचं ‘सायन्स येत नाही’. प्रयोगाआधी अंदाज विचारायचा, तो तिच्या शब्दांत वहीत लिहून घ्यायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यायची आणि उत्तर द्यायची घाई करायची नाही, एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ झालं. मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलली तर मध्ये टोकू नका. ‘का?’ला उत्तर आलं नाही तर प्रश्न वहीत मागच्या पानावर लिहा आणि मला इथे विचारा, मी सांगेन किंवा शोधून देईन.

सुरुवात गच्चीवरच्या प्रयोगांनी करा, कारण पाऊस लागला की काठीची सावली आणि वाळणारी माती दोन्ही अडतात. फुगा, हळद आणि काड्या पावसातही घरात बसून होतात. धार स्टुलावरून किती लांब गेली, तो आकडा मात्र स्टुलाच्या उंचीसकट इथे जरूर लिहा.