माझा जन्म जानेवारी 1990 चा आहे. 2026 हे माझ्या चिनी राशीचं, म्हणजे घोड्याचं वर्ष. ते मला लकी जाईल ना?

लकी? उलट आहे. चिनी लोकांत रास जन्मवर्षावरून ठरते, आणि स्वतःच्या राशीचं वर्ष म्हणजे जपून राहायचं वर्ष. बारा वर्षांनी एकदा येतं, आणि तेव्हा वर्षाचा अधिपती ताय-सुई आपल्यावर डूख धरून असतो असं मानतात. मला माहीत आहे, कारण मीही घोडा. 1978 चा.

2014 च्या घोड्याच्या वर्षी आम्ही सिंगापुरात भाड्याने राहायचो. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या चिनी आंटी आल्या आणि एक पिशवी माझ्या हातात कोंबून गेल्या. आत लाल मोज्यांचे दोन जोड आणि, आता सांगतोच, एक लाल चड्डी. वर्षभर अंगावर लाल काहीतरी हवं, आणि ते स्वतः विकत घेऊन चालत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं.

माझा थोरला भाऊ तेव्हा नाशिकहून आला होता. दादा हसून हसून लोळला. "अख्ख्या वर्गाची एकच रास? आणि उपाय काय, तर चड्डी!"

दुसऱ्या दिवशी आम्ही आंटींकडे गेलो. हातात दोन संत्री (एकटं संत्रं नेत नाहीत) आणि नातवासाठी लाल पाकीट. मी दहाची नोट घातली होती. निघताना दादाने पाकीट ओढून घेतलं, "दहा कसले देतोस, वर एक टाक," म्हणत डॉलरचं नाणं आत सरकवलं. नातवाने पाकीट हलवलं, नाणं वाजलं. पाहुण्यांसमोर पाकीट उघडायची रीत नाही, तरी आंटींनी ते उघडलं, नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली. वर हसल्याही बिचाऱ्या. ऑफिसात कळलं की त्यांच्यात विषम रक्कम मयताच्या घरी देतात. शुभाला सम. त्यातही चार नाही, चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एकच.

दादाला सांगितलं तर म्हणे, "अंधश्रद्धा आहेत रे यांच्या!" हे म्हणताना त्याच्या मधल्या बोटात काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी होती. तूळ रास, साडेसाती चालू. घोड्याच्या वर्षात, घोड्याचा नाल घालून, घोड्याला हसत होता! हिशोबच करायचा तर साडेसाती एका वेळी तीन राशींना, म्हणजे बारांतल्या तिघांना, तीही साडेसात वर्षं. चिन्यांचं बारांत एक, एका वर्षात मोकळा. आणि खर्च मोज्यांचा. आमच्या घरी त्या साडेसातीत शांतीवर किती गेले ते विचारू नका.

हो, तुमचं राहिलंच. जानेवारीतली तारीख दिली नाहीत. चिनी वर्ष 1 जानेवारीला बदलत नाही. 1990 चं 27 जानेवारीला लागलं, त्याआधीचा जन्म असेल तर तुम्ही घोडा नाहीच, साप आहात आणि ही सगळी काळजी फुकट. नंतरचा असेल तर घोडा. पण पत्रिका बघणारे काही चिनी ज्योतिषी वर्ष 4 फेब्रुवारीच्या सुमाराला बदलतं असं धरतात, त्यांच्या लेखी जानेवारीतले सगळेच साप. 2026 चं वर्षही 17 फेब्रुवारीपासून धरा.

दादाची साडेसाती 2017 साली संपली. अंगठी अजून बोटात आहे. मला यंदाचे मोजे बायकोने आणलेत, चड्डी मी दादाकडूनच मागवली आहे.