वाचकांचे प्रश्न : 'हाय नून' संथ आहे का?

प्रश्न : 'हाय नून' (१९५२) हा वेस्टर्न (अमेरिकी काउबॉयपट) नावाजलेला, पण बराच वेळ गोळीच सुटत नाही. त्यात एवढं काय आहे?

उत्तर : मुख्य गोळीबार शेवटीच आहे, हे खरं. दिग्दर्शक फ्रेड झिनेमान यांनी ८५ मिनिटांत जवळपास तेवढ्याच वेळाची गोष्ट मांडली आहे. बाराच्या गाडीने गुंड सूड उगवायला येतोय आणि मार्शल, म्हणजे गावचा कायदा राखणारा अधिकारी, केन (गॅरी कूपर) गावात मदत मागत फिरतोय. एकेक जण पाठ फिरवतो, खरं नाट्य तिथे आहे. पुन्हा बघाल तेव्हा घड्याळांकडे लक्ष द्या. बारा वाजत येतात तसे लंबक, रिकामी खुर्ची, चर्चमधले चेहरे संगीताच्या ठोक्यावर जोडलेत. संकलनाचं ऑस्कर उगाच मिळालं नाही!

असा मदत मागत फिरणारा मार्शल दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना पटला नव्हता. त्यांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' काढून उत्तर दिलं. दोन्ही लागोपाठ पाहा.

एक मात्र सांभाळा. 'हाय नून'च्या चित्राची चौकट १.३७:१ (रुंदी : उंची) आहे. रुंद टीव्हीवर झूम केलंत तर वरखालचा भाग कापला जातो आणि कॅमेरा उंच जाऊन ओस रस्त्यावरचा एकटा केन दाखवतो, ते दृश्य वाया जातं. कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.