दुभंगलेल्या ओळखीचे पात्र लिहिण्यापूर्वी

कुडाळच्या आपल्या लेखकमंडळात नव्याने येऊन तुम्ही पहिल्याच मालिकेसाठी डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वे आलटूनपालटून पुढे येण्याचा मनोविकार, असलेली नायिका निवडली आहे, म्हणून संहिता पुढे पाठवण्याआधी काही गोष्टी मनापासून सांगतो. पडद्यावर एका व्यक्तिमत्त्वातून दुसऱ्यात होणारा बदल डोळे फिरवून, आवाज घोगरा करून आणि पार्श्वसंगीत चढवून दाखवला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा इतका सूक्ष्म असतो की घरच्यांनाही नुसता लहरीपणा वाटतो. तुमची खरी सामग्री स्मृतीतल्या खंडांत आहे: पिशवीतले सामान कधी आणले ते न आठवणे, ओळख दाखवणारा माणूस अनोळखी वाटणे, आणि हे सारे लपवण्यासाठी करावी लागणारी अखंड सारवासारव. या विकारामागे बहुतेकदा बालपणी वारंवार सोसलेला छळ असतो, म्हणून दुसऱ्या व्यक्तिमत्त्वाला खुनी करण्याचा मोह कृपया टाळा; अशा रुग्णांत स्वतःलाच इजा करून घेण्याचा धोका मोठा असतो, आणि मालिका मात्र त्यांच्याविषयी इतरांच्या मनात भीती पेरतात. आपल्याकडे देवळात येणाऱ्या अवसराशी, म्हणजे अंगात येण्याशीही, याची गल्लत नको, कारण धर्माचरणात सर्वमान्य असलेल्या अवस्थेला २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेतही हा विकार मानलेले नाही. उपचार म्हणजे वर्षानुवर्षे चालणाऱ्या मानसोपचाराच्या बैठका. संमोहनाच्या एका प्रसंगात नायिका बरी करू नका. संहिता मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्या आणि भागाच्या शेवटी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक अवश्य द्या.