अंजनेरीच्या पठारावर झाडं लावावीत का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी दर पावसाळ्यात अंजनेरीला जातो. वर पठारावर गवत आणि फुलंच फुलं, मोठी झाडं फारशी नाहीत. आमच्या ग्रुपमधे सगळे म्हणतात की आधी घनदाट जंगल होतं ते तोडलं, म्हणून येत्या जूनमधे वर रोपं न्यायचा प्लॅन आहे. कुठली झाडं लावू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : दादा, तुमची तळमळ पोचली, पण कृपा करून वर पठारावर झाडं लावू नका. खाली पायथ्याला तोड झालीये हे खरंय, पण गवत दिसलं की इथलं जंगल कुणीतरी तोडलं असणार हे आपण धरूनच चालतो ना, तिथेच चुकतं. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिकच्या टेकड्यांमधे साधारण 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी हवा कोरडी होत गेली आणि जंगलाच्या जागी गवताळ माळ पसरले, तेव्हा कुऱ्हाड सोडा, आपण माणसंच नव्हतो.

हे कळतं कसं? बाजरी, ऊस, मका आणि माळावरची बरीच गवतं एका गटातली, आणि द्राक्षं, गहू नि जवळपास सगळी झाडं दुसऱ्या गटातली. हवेत थोडासा जड कार्बन असतो, तो पहिला गट जास्त घेतो, आणि गवत असो की झाड, कुजून माती झालं तरी ती खूण मातीत राहते! दक्षिणेतल्या नीलगिरी डोंगरांमधल्या दलदलीतली 20 हजार वर्षांची माती अशीच तपासली गेली. हिमयुगाच्या ऐन भरात मान्सून कमजोर होता, हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखात 190 भागांच्या आसपास (आज 420 च्या वर), तेव्हा तिथे या गवतांचा जोर होता, मग पाऊस वाढला तशी झाडं पुढे सरकली, पुन्हा कोरडं पडलं की मागे. तुम्ही गाडीवर त्र्यंबकहून सिन्नरला जा, जेमतेम साठ किलोमीटरमधे गर्द हिरवा डोंगर संपून काटेरी झुडपं लागतात. पाऊस बदलला की ही हद्द हलते, पूर्वीही हलत आली.

आता तुमचं पठार. खाली कातळ, वर कितीतरी ठिकाणी चार बोटं माती, पावसाळ्यात पाणी साचतं आणि एप्रिलमधे तवा तापतो. यात टिकणारा झाडोरा वेगळाच. तिथली कंदीलफुलं बघितली असतीलच, सेरोपेजिया अंजनेरिका ही जात तर तुमच्याच डोंगराच्या नावाची आणि जगात अगदी मोजक्या जागी उरलेली. उन्हाळा ती जमिनीतल्या कंदात काढते. तुम्ही खड्डा खणाल तो नेमका त्या कंदावर, आणि रोप जगलंच तर त्याची सावली तिच्यावर. शिवाय गरमी वाढली की डोंगरातल्या वनस्पती वर सरकतात, पण ही आधीच माथ्याला आहे, तिने आणखी वर जायचं कुठे? हिमयुगानंतर हवा तापायला हजारो वर्षं लागली, आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त तापलीये.

रोपं आणलीच असतील तर पायथ्याच्या उघड्या पडलेल्या, खोल मातीच्या उतारावर गावकऱ्यांना आणि वनखात्याला विचारून जांभूळ, हिरडा, उंबर लावा, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायला कोण जाणार ते आधी ठरवा.