लिंबाच्या पानावरच्या चंदेरी रेघा

प्रश्न : गॅलरीत कुंडीत कागदी लिंबू आहे. पाऊस सुरू झाल्यापासून कोवळ्या पानांवर गोगलगाय फिरल्यासारख्या चंदेरी रेघा दिसतात, पानं आक्रसतात. दोनदा औषध मारलं, फरक नाही. जुनी पानं मात्र ठणठणीत. काय करावं? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ही नागअळी, शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. टोमॅटोच्या पानांवर रेघा ओढणारीलाही नागअळीच म्हणतात, पण ती माशीची अळी, लिंबावरची पतंगाची. पतंग रुपेरी, पंखांच्या टोकाशी काळा ठिपका, पंख पसरून जेमतेम ४ मिलिमीटर. दिवसा सहसा नजरेस पडत नाही.

मादी कोवळ्या पानावर, बहुधा मधल्या शिरेजवळ, एकेक अंडं घालते. अळी बाहेर येताच पानाच्या पापुद्र्याखाली शिरते आणि तिथला रस पिते. रेघ सुरुवातीला केसाएवढी, पुढे रुंद होत जाते. पान उजेडासमोर धरा : रेघेच्या मधोमध काळपट दोरा दिसेल, ती विष्ठा. रुंद टोकाला पिवळसर, बिनपायांची अळी असते. शेवटी ती पानाच्या कडेला येऊन रेशमाने कड दुमडते आणि आतच कोष करते. अंड्यापासून पतंगापर्यंत उबदार हवेत दोन-तीन आठवडे पुरतात.

तुमचं औषध वाया गेलं ते म्हणूनच. वरून मारलेला थेंब पापुद्र्यावरच राहतो, अळीपर्यंत पोचत नाही. उलट तिला मारणाऱ्या बारीक परजीवी माश्या तेवढ्या मरतात. फवारायचं तर अंडी पडण्याआधी. पालवी बोटाच्या पेराएवढी झाली की लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली द्रव साबण नीट घोटून, पानांच्या दोन्ही बाजूंना, संध्याकाळी मारा. पालवी जून होईपर्यंत दर आठवड्याला. जोराची सर आली तर पुन्हा मारावं लागेल. पान निबर झालं की पतंग त्याच्याकडे फिरकत नाही.

रेघा पडलेली सगळी पानं खुडू नका. हिरवा भाग अजून अन्न करतो, आणि खुडलं की नवी पालवी फुटते, म्हणजे किडीला पुन्हा आमंत्रण. कड दुमडून कोष झालेली पानं तेवढी काढा. कोवळी पालवी वाढवणारा युरिया टाळा, बुंध्यावरचे पाणसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे जोमदार फुटवे, छाटा. पावसाळ्यात खरी भीती खैऱ्या (कँकर) रोगाची : त्याचे जिवाणू या जखमांतून सहज शिरतात. उंचवटलेले, पिवळ्या वलयाचे तपकिरी डाग दिसले तर ती फांदी आधी कापा.