पाळणाघरात शांत, घरी मात्र भडका

‘तिथं दहा पोरांची नाकं पुसते, आवाज चढत नाही. घरी आपलं एक पोर दोनदा “आई” म्हणालं की वसकन अंगावर जाते.’ पाळणाघरात, बालवाडीत काम करणाऱ्या ताया माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा थोड्याफार फरकानं हेच सांगतात. त्यातल्या एकीशी झालेलं बोलणं इथं देते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे; त्यांना सुनंदाताई म्हणू. मुलगा सहा वर्षांचा.

‘म्हणजे तिथला माझा गोडवा पगारापुरता. ढोंगीच की मी, मॅडम.’

रागाबद्दल मी काही विचारलंच नाही. विचारलं, ‘पाळणाघरात एखादं मूल हट्टाला पेटलं, तुमचं डोकं फिरायला लागलं, तर काय करता?’

‘दुसऱ्या ताईकडे देते. पाणी पिऊन येते.’

‘तेव्हा गॅसवर काही असतं?’

‘छे! स्वयंपाकाला मावशी आहेत.’

‘आणि घरी कुणाकडे देता?’

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘घरी घेणार कोण?’ आणि चक्क हसल्या. खरं काम इथंच झालं. ज्याला त्या आपला स्वभाव समजत होत्या, त्यात निम्मा वाटा व्यवस्थेचा होता. पाळणाघरात हाताखाली माणूस, ठरलेल्या वेळा, दुपारची झोप. घरी कुकर, अभ्यास आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेला नवरा.

दिवसभर चेहरा हसरा ठेवणं हे कष्टच आहेत. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामावरून हे मांडलं. पाळणाघरातल्या ताईंना ते आधीपासून ठाऊक असतं, फक्त त्याला कष्ट म्हणायचा धीर होत नाही.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी; ‘असंच व्हायला हवं’ हा हट्टी विचारच माणसाला छळतो, असं ते म्हणत. त्यामुळे पुढची सगळी झटापट ‘मला मुलं सांभाळता येतात, म्हणजे घरी मी चिडताच कामा नये’ या वाक्याशी झाली. चिडू नये असं वाटणं ठीक. पण ‘चिडताच कामा नये’ म्हटलं की रागावर अपराधीपणा चढतो आणि तो पुन्हा पोरावरच निघतो. मुलाचंही तेच होत असतं. शाळेत तोही दिवसभर शहाण्यासारखा वागतो आणि हक्काचं माणूस दिसलं की मोकळा सुटतो. आई नकोशी असते म्हणून नव्हे!

अशा प्रत्येकीला मी सांगते: घरात शिरल्याबरोबर ओट्याकडे जाऊ नका. आधी चहा, मग पंधरा मिनिटं मुलाशेजारी नुसतं बसायचं. गाणी नकोत, गोष्टी नकोत, ते पाळणाघरात झालेलं असतं. ‘डबा संपवलास का?’ हे नंतर. ओरडलात तर ‘मी दमले होते’ एवढं सांगा, लाडू देऊन भरपाई करू नका. कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायचा.

सुनंदाताईंच्या घरी या शेवटच्या कलमावर बरीच वादावादी झाली. पुढच्या बैठकीला मी नवऱ्यालाही बोलावलं.