गच्चीला पांढरा रंग देऊन खरंच फरक पडतो का?

प्रश्न : आम्ही शेवटच्या मजल्यावर राहतो, उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत छत गरमच असतं. पांढरा रंग मारून काही होतं का, की एसीच घ्यावा?

उत्तर : होतं, आणि आधी तेच करा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि सूर्य गेल्यावर तीच उष्णता खाली घरात सोडत बसतो, म्हणून तर रात्री जास्त त्रास होतो. पांढरं कोटिंग बरंचसं ऊन परत फेकतं, मग स्लॅब तापतोच कमी. फक्त साधा डिस्टेंपर नको, पावसात धुऊन जातो. गच्चीसाठीचं उष्णता परावर्तित करणारं कोटिंग घ्या आणि धूळ बसली की धुवा, मळलेला पांढरा रंग तेवढं काम करत नाही.

खिडक्यांचं मात्र बहुतेकांचं चुकतं. पडदा आतून लावतात, पण ऊन काचेतून आत आलं की उष्णता आतच राहते ना! सावली बाहेरून हवी, चटई, शेडनेट, काहीही चालेल, विशेषतः पश्चिमेला. रात्री बाहेर गार झालं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर एसी जरूर घ्या, त्यात काटकसर नको. पण तो आतली उष्णता बाहेर गल्लीतच टाकतो, म्हणून सोसायटीत सगळ्यांनी मिळून गच्ची रंगवायचा विषय काढाच.